झाकणावरचा ओटा

वसंता,

तेरवी आटोपली आणि तू कर्मयोगी झालास. हयातभर लोक तुला ‘संडासवाले इंजिनिअर’ म्हणायचे, तेही तू ऐकू येण्याच्या अंतरावर असताना. बढतीसाठी मरावं लागलं, पण मिळाली ती एकदम वरची. आपल्या ले-आउटच्या समाजभवनात शोकसभा झाली. एकाने निष्काम सेवक म्हटलं, दुसऱ्याने दीपस्तंभ म्हटलं, आणि अध्यक्ष बबनराव, आपले कापडवाले, भावनेच्या भरात ‘स्वच्छतामहर्षी’ म्हणून खाली बसले. टेबलावर तुझा फोटो होता. ओळखपत्रासाठी काढलेला, मोठा केलेला, त्यामुळे जरा धुरकट आणि बराच संतापलेला. हार घातलेल्या माणसाने इतकं चिडलेलं दिसू नये, पण मला त्यानेच बरं वाटलं. त्या हॉलमध्ये तेवढाच तू खरा होतास.

मी बोललो नाही. ‘सर, तुम्ही त बालमित्र’ असा आग्रह झाला. घसा बसलाय म्हणून सांगितलं. आता बोलतो. तुला हे आवडणार नाही, कारण मधे तोडता येणार नाही.

तोडायची सवय तुला अल्लीपूरच्या शाळेपासून. मास्तरांनी एकदा विचारलं होतं, गावाची शोभा कशात असते? कोणी देवळात म्हटलं, कोणी शाळेत म्हटलं. मी, पुढे भाषेचा मास्तर होणारा, माणसांच्या मनात असं काहीतरी म्हणालो आणि शाबासकी घेतली. तू उठून म्हणालास, “नालीत.” छडी खाल्लीस, बसलास, आणि हळूच मला म्हणालास, “मनात काय असते ते दिसत नाई बे. नालीत दिसते.” त्या एका उत्तरावर तू पुढे सगळी नोकरी काढलीस. तू डिप्लोमा करून ओव्हरसियर झालास, मी वर्ध्याच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, आणि सिंदी मेघ्याला तुरीच्या शेतात ले-आउट पडला तेव्हा आपण शेजारशेजारचे प्लॉट घेतले. दोघांच्या बायकांनी तेव्हाच कपाळाला हात लावला असणार.

नोकरी सांभाळून तू लोकांच्या घरांचे नकाशे फुकट काढून द्यायचास. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर, स्वच्छ रेघांत. माणसं हौसेने येत. हॉल केवढा, देवघर कुठे, गॅलरी रस्त्याकडे हवी. तू मान डोलवत ऐकायचास आणि पेन्सिलीने सगळ्यात आधी कोपऱ्यात एक लांबट चौकोन काढायचास.

“हे काय, साहेब?”

“संडासची टाकी.”

“ते मंग पाहू न.”

“मंग नाई. मंग तुमाले जागा उरत नाई अन् मले बोलाले तोंड उरत नाई. आधी हे. घर याच्या भवतालनं बसवू.”

माणूस हिरमुसायचा. घराचं स्वप्न घेऊन यावं आणि समोरच्याने त्याचं शेवटचं टोक आधी दाखवावं, हे कोणाला रुचेल? एकाने वास्तुतज्ज्ञाचा कागद आणला होता, त्यात टाकी वायव्येलाच हवी असा हुकूम होता. तू जागेवर जाऊन उभा राहिलास आणि म्हणालास, “वायव्येले कोनता देव हाये मले मायित नाई. शेजाऱ्याची विहीर हाये, ते त दिसून राह्यलं.” तो माणूस परत आला नाही. तू त्याच्या शेजाऱ्याला जाऊन सांगून आलास.

आपली काळी माती कापसाची आई आणि टाकीची सावत्र आई, हे तुझंच वाक्य. पावसाळ्यात फुगते आणि भिंतीला दाबते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीचा आधार काढून घेते. शोषखड्डा करावा तर पाणी पीत नाही. म्हणून तू मुरूम लागेपर्यंत खणायला लावायचास, टाकीच्या भोवती काळ्या मातीऐवजी मुरूम भरायला लावायचास. आत आडवी भिंत घालून दोन कप्पे, पहिला मोठा, दुसरा लहान. पाणी आत येतं तो पाइप खाली वाकवलेला, म्हणजे येणाऱ्याने आधी बसलेल्यांना ढवळू नये. बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा किंचित खाली. हे सगळं तू मला इतक्या वेळा ऐकवलंस की बाकी बरंच विसरूनही हे माझ्या डोक्यात शाबूत आहे. शिकवणं कशाला म्हणतात, याचा हा एक पुरावा.

पण तुझं खरं भांडण मातीशी नव्हतं. ते अभिमानाशी होतं. आपल्याकडे कुठल्याही लग्नाच्या पंगतीत एक तरी माणूस छाती फुगवून सांगतो, “आमची टाकी बापाच्या हातची. आजपर्यंत भरली नाई.” ऐकणारे कौतुकाने माना हलवतात. तू एकदा ताटावरूनच म्हणालास, “भरली नाई म्हंजे तिले बूड नाई, बापा. तुमचं सारं गावाच्या पान्यात गेलं.” यजमान पोळी वाढता वाढता थबकले. तुझं म्हणणं खरं होतं. लोक जाणूनबुजून टाकीचा तळ घालत नाहीत. मिस्त्रीच सुचवतो, खाली काँक्रीट नको, मग उपसायचं काम नाही. गावोगाव असंच. माझ्या मते त्याचं कारण पैसा नाही, आळसही नाही. टाकी उपसायची म्हणजे कोणाला तरी बोलवायचं, आणि त्या कामाला आपण कोणाला बोलवत आलो हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ते ठाऊक असणं टाळण्यासाठी तळ घालायचा नाही. आपल्याकडे टाकी साठवण्यासाठी नाही, विसरण्यासाठी बांधतात. हे मी तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, “हे तू कॉलेजात सांगजो. मिस्त्रीले सांगशीन त तो म्हनन, सर, काँक्रीट घालू का नाई ते सांगा.”

तुझं ते पत्रक आठवतं? निवृत्त झाल्यावर तुला एक पानी पत्रक छापून घरोघर वाटायचं होतं, टाकी कशी बांधावी, कशी जपावी, फिनाईल आणि अॅसिड का ओतू नये. भाषा तपासायला माझ्याकडे आणलंस. मी पहिल्याच ओळीत एक शब्द खोडून ‘मलजल’ लिहिलं. तू चष्मा कपाळावर सरकवलास.

“हे काय?”

“शुद्ध शब्द आहे.”

“लोकाईले वाटन आयुर्वेदाचं औषध हाये. सकाय-संध्याकाय दोन चमचे.”

“मग काय लिहू? तू लिहिलंय तसं? घरोघर बायामाणसं वाचणार.”

“बायामानसं संडासले जात नाईत का? तुह्या घरचे जात असतीन न?”

आतून लीलाचा, माझ्या बायकोचा, आवाज आला, “भाऊजी, चहा पाहिजे असन त गप बसा.” तू गप बसलास, चहा घेतलास, आणि पत्रक तुझ्याच शब्दांत छापलंस. लोकांनी ते वाचलं की नाही माहीत नाही. पण त्यात पुढे आठवडाभर ले-आउटात जिलब्या आणि भजी बांधून आली. तू म्हणालास, निदान घरात तरी गेलं.

त्या वादात कोण बरोबर हे अजून ठरलेलं नाही. शब्द झाकायला नसतात, उघडायला असतात, असं तू म्हणायचास. मी म्हणायचो, काही शब्द झाकतात म्हणूनच लोक त्यांच्याजवळ जातात. आता तुझी बाजू मलाच मांडावी लागते आणि ती मला तुझ्याइतकी वाईट मांडता येत नाही.

माझ्या घराची वास्तुशांती मात्र कोणी विसरलेलं नाही. तुझा नियम होता, टाकीची परीक्षा झाल्याशिवाय घरात राहायला जायचं नाही. टाकी काठोकाठ भरायची, विटांना पाणी पिऊ द्यायचं, पुन्हा भरायची, पाण्याच्या पातळीवर गेरूने रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं, पाणी रेघेवर आहे की उतरलंय. मिस्त्री सोडला तर हा नियम सगळ्यांना विनोद वाटायचा. त्या सकाळी मांडव पडला होता, अल्लीपूरचे पाहुणे एसटीने उतरत होते, गुरुजी पाटावर बसले होते, आणि तू अंगणात झाकणाच्या भोकात डोकं घालून पालथा पडला होतास. उठलास, गुडघे झटकलेस आणि जाहीर केलंस, “नापास.”

“काय नापास?” लीला सोवळ्यात बाहेर आली.

“टाकी. चार बोटं पानी उतरलं. कोपऱ्यातून जाऊन राह्यलं. आज या घरचा संडास वापरता येत नाई.”

गुरुजींना मुहूर्ताची काळजी. ते म्हणाले, “होम तर करता येईल ना?”

“होम करा न, महाराज. धूर वरतं जाते. मी खालतं जाते त्याचं बोलून राह्यलो.”

“अहो पण भाऊजी,” लीला रडायच्या बेतात आलेली, “एवढे लोक जेवाले बसतीन. मंग त्याईनं जावं कुठं?”

“माह्या घरी,” तू म्हणालास. “माह्यी टाकी पास हाये.”

आणि तसंच झालं. पंगत माझ्या दारात उठायची आणि रांग तुझ्या दारात लागायची. सुमनवहिनी, तुझी बायको, नवी साडी खोचून दिवसभर बादल्या भरत होत्या. अल्लीपूरच्या माझ्या मामांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, “वास्तुशांती कोनाच्या घरची होती, नक्की?” तू मात्र तिसऱ्या प्रहरी टाकी उपसून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, मिस्त्रीबरोबर आत उतरला होतास आणि कोपऱ्याचं प्लास्टर पुन्हा करून घेत होतास. लीला तुझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. आता तीच नव्या बिऱ्हाडांना सांगते, “आमची टाकी पयल्या फटक्यात नापास झाली होती,” आणि ज्या सुरात सांगते त्यावरून ऐकणाऱ्याला वाटतं, आमचा मुलगा कुठलीतरी मोठी परीक्षा देऊन आलाय. आमच्या विहिरीचं पाणी आम्ही आजही पितो, वसंता. याबद्दल तुझे आभार मानायचं राहून गेलं, कारण मानले असते तर तू पुन्हा पाइपांविषयी सुरू झाला असतास.

एक गोष्ट तू मला एकदाच सांगितलीस. हिंगणघाटहून परत येताना, एसटीत, खिडकीकडे तोंड करून. नोकरीला नुकता लागला होतास. कुठल्याशा गावी एक जुनी टाकी तुंबली. झाकण नव्हतं, वर फरशी घालून अंगण केलेलं. फरशी फोडून एक भोक पाडलं आणि एका माणसाला दोर बांधून खाली उतरवलं. दोर ओढला तेव्हा तो निसटलेला होता. आतल्या वायूने तो कधीच खाली पडला होता. “मी काठावर होतो,” तू म्हणालास. “तिथं एकटा मीच शिकेल होतो.”

त्यानंतर मला तुझ्या झाकणांचा अर्थ लागला. तुझ्या प्रत्येक टाकीला दोन झाकणं, दोन्ही कप्प्यांवर एकेक, कडीची, उघड्यावर, रस्त्यावरून टँकरची नळी पोहोचेल अशा जागी. त्यावर फरशी नाही, तुळशीवृंदावन नाही, गाडी उभी करायची नाही. लोकांना अंगणात झाकण दिसलं की घराची अब्रू गेल्यासारखं वाटतं. तू गेलास की दुसऱ्याच दिवशी त्यावर टाइल बसायची, आणि तू पुन्हा जाऊन भांडून ती काढायला लावायचास. दर दोन ऑक्टोबरला आपल्या जिल्ह्यात फोटोपुरते नवे झाडू येतात, पांढरे कपडे येतात, भाषणं होतात. तू त्या दिवशी घराबाहेर पडायचा नाहीस. म्हणायचास, “ज्या कामाले कोनाले तरी हिंमत दाखवा लागते, त्याचं डिझाइन चुकलं म्हनून समज. हार घालू नको त्याले. डिझाइन बदल.” मी यावर वाद घातला होता की मग शौर्याच्या सगळ्या पोवाड्यांचं काय करायचं? तू म्हणालास, उद्या सांगतो. ते उद्या आता येत नाही.

तर शोकसभा. भाषणं झाल्यावर बबनरावांनी ठराव मांडला की समाजभवनासमोर तुझ्या नावाचा संगमरवरी ओटा बांधायचा. पाठीला उभा दगड, त्यावर तुझं नाव, संध्याकाळी म्हाताऱ्यांना बसायला जागा. टाळ्या पडल्या. मजकूर लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी मान हलवली आणि घरी येऊन कागद पुढे ओढला. ‘कर्मयोगी’ लिहिलं, खोडलं.

असे चार दिवस गेले. मग एका सकाळी जागा पाहायला गेलो. फाटक आणि पायऱ्यांच्या मधे मजुरांनी फक्कीने, चुन्याच्या पांढऱ्या भुकटीने, चौकोन आखून ठेवला होता. चौकोनाच्या बरोबर मधोमध तुझी दोन झाकणं. सबंध आवारात तीच एक जागा मोकळी होती, आणि मोकळी होती ती तू ठेवलीस म्हणून. समाजभवनाची टाकी तुझं शेवटचं काम. तिथे मंडप टाकायला आलेल्यांशीही तू भांडला होतास.

बबनराव तिथेच उभे होते, पंच्याने मान पुसत.

“बबनराव, याच्या खाली टाकी आहे.”

“हाये न, सर. त्याईनंच त बांधली. म्हनून त ओटा इथं. शोभते न?”

तो माणूस वाईट नाही, वसंता. त्याला खरोखर वाटत होतं की हे औचित्य आहे. तुझ्या कामावर तुझं नाव. मीही कॉलेजात विद्यार्थ्यांना औचित्य असंच समजावून दिलं असतं.

“झाकणं दबतील,” मी म्हटलं.

“दबू द्या. भवन झालं तवापासून उघडलं का कोनी? भरलीच नाई.”

“भरेल तेव्हा?”

“तवा ओट्याचा एक कोपरा फोडू. उतरवू कोनाले तरी. मानसं भेटतेत न, सर.”

माणसं भेटतात. हे तो इतक्या सहज म्हणाला, जशा शेव-गाठ्या संपल्या तर दुकानात भेटतात. मी काही बोलायच्या आत तो पुढे म्हणाला, “अन् मी वहिनीले इचारलं. त्याईले लय पसंत हाये. रडल्या माह्यापाशी.”

इथे माझे पाय अडले. बबनरावांशी मी भांडलो असतो. आयुष्यभर तुझ्याशी भांडून सराव झालाय. पण सुमनवहिनींना जाऊन काय सांगायचं? ज्या बाईने ‘संडासवाल्याची बायको’ हे हळदीकुंकवात ऐकलं, शाळेत पोरांना त्यावरून चिडवलेलं सहन केलं, तिच्या नवऱ्याच्या नावाला पहिल्यांदाच कोणी दगड देत होतं. तो तिच्या हातून काढून घ्यायचा?

संध्याकाळी गेलो. त्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बसलो, पाणी आलं, चहा आला. मी मजकुराचा कागद खिशातून काढायच्या आतच त्या म्हणाल्या, “भाऊजी, नावाच्या आधी ‘श्री’ लावाल न? त्याईच्या नावाआधी कोनी कधी लावला नाई.”

मी लावीन म्हटलं.

“तुम्ही काऊन आले, ते मले मायित हाये,” वहिनी म्हणाल्या. सुपातली नजर वर केली नाही. “झाकनाचं न?”

“तुम्हाला कधी कळलं?”

“बबनरावांनं जागा सांगतली तवाच. सभेतच.”

“मग बोलल्या नाहीत?”

“म्हटलं, चार दिवस राहू द्या. चार दिवस त तो ओटा होता माह्या डोयापुढं. पांढरा. त्याच्यावर नाव.” त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. “म्हातारे लोक बसेल असते. इचारलं असतं एखाद्यानं, हे कोन वसंतराव?”

मला वाटतं, मी म्हणालो की तुम्ही म्हणाल तसं करू. असलं काहीतरी गुळमुळीत. त्यावर त्यांनी सूप खाली ठेवलं.

“मी काय म्हनन? ते काय म्हनत, ते पाहा लागते. तुमाले त्याईनं त्या मानसाचं सांगतलं होतं? दोराचं?”

“एकदा सांगितलं होतं.”

“नाव सांगतलं होतं त्याचं?”

“नाही.”

“मले सांगतलं होतं,” त्या म्हणाल्या. “झोपेतबी घेत. त्या बिचाऱ्याचं नाव त कोनत्याच दगडावर नाई, भाऊजी. त्याच्यासाठी हे मोकयं ठेवलं त्याईनं. अन् त्याच्यावरच याईचं नाव काऊन घालाचं?”

नाव त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तू ते ज्याला द्यायचं त्याला दिलं होतंस.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः बबनरावांच्या दुकानात गेल्या. मी सोबत होतो, पण माझी गरज पडली नाही. बबनराव दुखावले. लोक काय म्हणतील, ठराव झालाय, संगमरवराला सांगून ठेवलंय. मग भिंतीवर पाटी लावू म्हणाले. पण समाजभवनाच्या भिंती तुला माहीत आहेत, देणगीदारांच्या पाट्यांनी त्या इतक्या भरल्यात की दाराला लागलेली कडी कोणाच्या स्मरणार्थ आहे हेही वाचता येतं. शेवटी ते म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. आपल्या ले-आउटात ‘पुढच्या वर्षी पाहू’ हेच सर्वात जुनं स्मारक आहे.

वहिनी उठताना म्हणाल्या, “ओटा नको. पन टाकी उघडा एक डाव. ते दवाखान्यातबी म्हनत होते, भवनची टाकी पाहा लागते.”

म्हणून परवा टँकर आला. झाकणं उघडली तेव्हा फाटकाशी बरीच गर्दी होती, सगळ्यांचे रुमाल नाकाला. बबनरावांचा सर्वात मोठा, दुकानाचाच. वहिनींनी पदर लावला नाही. टँकरवाल्याने रस्त्यावरूनच नळी सोडली, ती सरळ पहिल्या कप्प्यात उतरली. कोणाला वाकावं लागलं नाही, कोणाला आत डोकावावं लागलं नाही, कोणाला दोर बांधावा लागला नाही. काही मिनिटं नुसती मोटारीची घरघर. टाकी भरत आली होती, वसंता. म्हणजे तिला तळ होता. मला एवढा आनंद माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनालाही झाला नव्हता, पण हे कोणाला सांगायची सोय नव्हती.

“पुरी काढजो,” बबनराव रुमालातून म्हणाले. “एकदम धुऊन. कोरडीठाक.”

“नाई,” वहिनी म्हणाल्या. “सारी नाई काढाची. खालतं थोडं राहू दे, बापू.”

टँकरवाल्याने मागे वळून पाहिलं. “काऊन, बाई?”

“इरजन लागते. सारं नेलं त नवं जमतच नाई. मंग वास मारते.”

“तुमाले कसं मायित?”

“माह्या घरी जेवताना हेच बोलनं होतं,” वहिनी म्हणाल्या.

लोक हसले. बबनरावही हसले, रुमाल खाली आला. टँकरवाल्याने नळी जरा वर ओढून घेतली आणि मोटार बंद केली. झाकणं बसली. फक्की लोकांच्या पायांनी आधीच पुसली गेली होती.

संध्याकाळी आम्ही दोघं, मी आणि लीला, वहिनींकडे बसलो होतो. बोलणं इकडचं तिकडचं चाललं होतं, दवाखान्याच्या कागदांचं, तुझ्या कपड्यांचं काय करायचं त्याचं. मधेच लीलाने विचारलं, “बाई, ओटा नाई झाला याचं वाईट त नाई न वाटून राह्यलं?”

मला वाटलं, त्या नाही म्हणतील. अशा वेळी नाहीच म्हणायची रीत आहे.

“वाटते न,” वहिनी म्हणाल्या. “नाव पाह्यलं असतं त बरं वाटलं असतं.” आणि कप उचलून आत गेल्या. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला.

झाकणं मोकळी आहेत, वसंता. आणि वहिनींना वाईट वाटतं आहे. यातलं एकच सांगितलं असतं तर तू मला मधेच तोडलं असतंस, म्हणून दोन्ही लिहिलं.